मामाचा मारिओ हळू का होता?

चतुर्थीला आम्ही सगळे डिचोलीच्या घरी जमतो. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी पावसाने असा जोर धरला की आरत्यांना शेजारी जायचंही जमेना. पत्ते कुटून झाले, नेवऱ्यांचा डबा तळाला गेला, तेव्हा भाच्याने पिशवीतून निन्टेन्डो स्विच, म्हणजे गेम खेळायचा कन्सोल, काढला. त्याचा बाबा बोटीवर असतो, मागच्या सुट्टीत येताना त्याने तो आणलेला. वायर टीव्हीच्या मागे खुपसत भाचा म्हणाला, "मामा, हा खास तुझ्यासाठी," आणि मारिओ लावला. तोच, १९८५चा. विटा, हिरवे पाइप, तुरुतुरु चालणारी ती तपकिरी ध्यानं.

पहिल्या चार सुरांतच मला खटकलं. गाणं पळत होतं. मारिओमध्ये घड्याळ १००च्या खाली गेलं की संगीत दामटत सुटतं, तसंच काहीसं, पण इथे पहिल्या पावलापासून. मारिओ उडी मारून जमिनीवर यायचा तेव्हा माझा अंगठा अजून विचारात असायचा. दुसऱ्याच खड्ड्यात मी मेलो.

"हे जास्त जोरात चाललंय रे," मी म्हटलं.

"मामा, तू म्हातारा झालास," भाचा म्हणाला.

शक्यता नाकारता येत नव्हती. पण मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. मारिओला सुरुवातीच्या जागीच उभा केला. तिथे कोणी त्याच्या वाटेला जात नाही. मग कोपऱ्यातला आकडा ४००वरून शून्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद, एखादा सेकंद इकडेतिकडे.

या एका आकड्यात जुन्या गेम नव्या कन्सोलवर खेळण्याचं निम्मं शास्त्र आहे. मारिओच्या कॅसेटमध्ये घड्याळ नावाची वस्तूच नाही. तो गेम पडद्यावरची चित्रं मोजतो. टीव्हीवर एक चित्र उमटलं की एक फ्रेम, अशा २४ फ्रेम झाल्या की कोपऱ्यातला आकडा एकाने उतरतो. ४०० आकड्यांना ९,६०० फ्रेम. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला जवळपास ६० चित्रं दाखवत, म्हणजे १६० सेकंद. स्टॉपवॉचवर आलेलं उत्तर हेच.

आपल्याकडचे टीव्ही मात्र पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. टीव्हीचा हा वेग मुळात त्या त्या देशातल्या विजेच्या वारंवारतेला धरून ठरला होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, इथे ५०ची. माझं लहानपणचं यंत्र काकांनी बहारीनहून आणलेलं, तिकडेही पालच. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं. पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि एक बंदूक. ते फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी गेम-यंत्राची नक्कल होतं. अशा नकला जगभर खपल्या, रशियात तर 'डेंडी' या नावाने त्यांनी अख्खी पिढी वाढवली. पालवाल्या देशांसाठी बनवलेल्या नकलांमध्ये चिपच्या ठोक्यांचा वेग मूळ यंत्राच्या जवळपास ठेवलेला असे, फक्त प्रत्येक चित्रानंतर ती थोडी जास्त विसावा घ्यायची, म्हणजे सेकंदाला ५०चा हिशेब जुळे. परिणाम काय? सूर जवळजवळ तेवढाच राहिला, लय उतरली. ९,६०० भागिले ५०, म्हणजे १९२ सेकंद. तीन मिनिटं बारा सेकंद.

म्हणजे माझ्या मारिओला अख्खी ३२ सेकंदं जास्त मिळत होती. भाच्याला हे गणित करून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू सोप्या लेव्हलवर खेळायचास." आजकालच्या पोरांशी गणित करू नये.

आता मुळापासून. कॅसेट म्हणत असलो तरी आत फीत नसायची. प्लास्टिकचं खोकं उघडलं तर एक छोटी हिरवी पट्टी आणि तिच्यावर दोन-तीन चिपा. अख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटचा आहे. सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. त्या ४० किलोबाइटमध्ये चित्रांचे तुकडे, संगीताची नोंद आणि प्रोसेसरला दिलेले हुकूम असतात: या खणातला आकडा उचल, त्यात एक मिळव, त्या खणात ठेव. हे हुकूम एकाच प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले. १९८३च्या फॅमिकॉममधला तो प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके घ्यायचा आणि कामाला त्याच्याकडे २ किलोबाइटची पाटी होती. स्विच, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स हजारो पटींनी ताकदवान, पण त्यांना ती भाषा कळत नाही. शिवाय जुन्या यंत्रात चित्र काढणारी चिप वेगळी होती. ती नव्या यंत्रात कुठे आहे? नाहीच.

म्हणून लागतो एम्युलेटर. त्याला मराठीत मी सोंगाड्या म्हणेन. नव्या कन्सोलवर चालणारा तो एक प्रोग्राम असतो आणि तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. कॅसेट विचारते, "अमुक खणात काय आहे?" सोंगाड्या उत्तर देतो. कॅसेट म्हणते, "हे चित्र इथे काढ." तो काढतो. कॅसेटला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की समोर फॅमिकॉम नाही, स्विच आहे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. एम्युलेटरच्या धंद्यात पैशाच्या जागी वेळ ठेवा.

याचा नमुना मारिओमध्येच आहे. पडद्यावर सगळ्यात वर गुण, नाण्यांची संख्या आणि वेळ लिहिलेली पट्टी असते. मारिओ धावतो तसं खालचं जग सरकतं, पट्टी मात्र जागची हलत नाही. आज यात काही विशेष वाटत नाही, पण त्या चित्रचिपला 'वरचा भाग थांबव, खालचा सरकव' असं सांगायची सोयच नव्हती. ती चित्र वरून खाली एकेक ओळ करून काढायची. मग लिहिणाऱ्यांनी युक्ती केली. पट्टीत नाण्याचं जे छोटं चित्र दिसतं, त्याच्या तळाशी आणखी एक तुकडा लपवून ठेवला. ओळी काढता काढता चित्रचिप त्या तुकड्यापाशी पोचली की एक खूण वर करते. प्रोसेसर हातातलं काम टाकून त्या खुणेकडे डोळे लावून बसलेला असतो. खूण दिसली की पट्टी संपत आली, आता सरकव. सेकंदात ६० वेळा हा खेळ चालतो. सोंगाड्याने ती खूण जरा उशिरा वर केली तर पट्टी थरथरते, आणि वर केलीच नाही तर प्रोसेसर वाट बघत बसतो आणि गेम जागीच गोठतो. चांगला एम्युलेटर कोणता आणि कामचलाऊ कोणता, हे अशा ठिकाणी कळतं. मेनू कितीही देखणा असला तरी.

काही कॅसेटींत आणखी एक भानगड असते. त्या प्रोसेसरचा हात कॅसेटच्या ३२ किलोबाइटपर्यंतच पोचायचा. गेम मोठे झाले, तेव्हा कॅसेटमध्येच एक मदतनीस चिप बसवू लागले. स्वयंपाकघरातला ओटा लहान आणि माळ्यावर डबे भरपूर, तशी गोष्ट. ओट्यावर मावतात तेवढेच डबे ठेवायचे, आणि पुढची पातळी आली की मदतनिसाने जुने डबे वर नेऊन नवे खाली आणायचे. प्रत्येक कंपनीचा मदतनीस वेगळा, प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या. एम्युलेटरला यंत्राबरोबर या मदतनिसांचीही सोंगं घ्यावी लागतात.

यावरून कोनामी कंपनीचा कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम आठवला. पहिल्या पातळीवरच्या जंगलातली झाडं वाऱ्याने हलायची, असं मी छातीठोक सांगतो. साखळीचा माझा मित्र म्हणतो, कधीच नाही. दोघंही खरे असू शकतो. १९८८च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची मदतनीस चिप होती, तिच्या जोरावर झाडं हलतात, पुढे बर्फ पडतो, मधूनमधून कथेचे प्रवेशही येतात. अमेरिकी कॅसेटमध्ये ती चिप नव्हती, झाडं ताठ उभी. आणि युरोपात तर माणसं काढून त्या जागी यंत्रमानव घातले आणि गेमचं नाव 'प्रोबोटेक्टर' ठेवलं. कोनामीने २०१९मध्ये नव्या कन्सोलसाठी कॉन्ट्राचा संग्रह काढला, त्यात पुढे अपडेटमधून जपानी आवृत्त्याही आल्या. तेव्हा 'आपला कॉन्ट्रा असा नव्हता' म्हणण्याआधी मेनूत देश बदलून पाहा.

भाषांतराकडे येऊ, कारण मोठ्या यंत्रांची खरी अडचण तिथे आहे. आमच्या घराचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. आजोबा ते एकेक ओळ वाचून, अर्थ सांगत पुढे जायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. काही एम्युलेटर असेच चालतात. जुन्या प्रोसेसरचा एक हुकूम वाचायचा, आपल्या भाषेत करायचा, पुढचा वाचायचा. मारिओसारख्या गेमला हे पुरतं, कारण नव्या यंत्राकडे वेळच वेळ. पण १९९४च्या पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा आणि २०००च्या प्लेस्टेशन २चा सुमारे २९५. तिथे ओळ-ओळ वाचत बसलं तर गेम रांगतो. मग दुसरी पद्धत: पान एकदाच भाषांतरित करून ठेवायचं आणि पुढच्या वेळी मूळ कागदाला हात न लावता भाषांतर वाचायचं. मामलतदार कचेरीच्या चकरा मारून आम्हीही शेवटी तेच केलं.

प्लेस्टेशन ३ला मात्र ही पद्धतही सहज लागू पडत नाही. त्याच्या 'सेल' प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि त्याच्याभोवती सात लहान मदतनीस, आणि कोणी कोणाला काम द्यायचं हे गेम लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं. म्हणून प्लेस्टेशन ५वर प्लेस्टेशन ४चे गेम जवळपास सगळे चालतात, ३चे थेट चालत नाहीत. गंमत अशी की खुद्द ३च्या पहिल्या काही यंत्रांत सोनीने प्लेस्टेशन २च्या चिपाच बसवल्या होत्या. सोंग कशाला, मूळ नटच रंगमंचावर. महाग पडतं म्हणून पुढे त्या काढल्या.

एक तिसरा पंथही आहे, त्यात सोंग नसतं, कायापालट असतो. एफपीजीए नावाची चिप असते, तिच्या आतली जोडणी हवी तशी बदलता येते. तिला फॅमिकॉमचा आराखडा दिला की ती आतून फॅमिकॉमसारखी जोडली जाते आणि सगळे भाग मूळ यंत्रासारखे एकाच वेळी काम करतात. शौकिनांचं प्रकरण आहे आणि खिशालाही तसंच पडतं.

आता टीव्ही. ताईने दिवाणखान्यात ५५ इंची पातळ टीव्ही लावलाय, आणि त्यावर मारिओ पाहून मला दुसरा धक्का बसला. एवढं टोकदार चित्र माझ्या आठवणीत नव्हतं. प्रत्येक ठिपका विटेसारखा वेगळा.

फॅमिकॉमचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ओळी उंच. जुन्या काचेच्या टीव्हीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा, ठिपक्यांच्या कडा एकमेकांत थोड्या मिसळायच्या, ओळींमध्ये बारीक काळी फट राहायची. चित्र काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं आणि ते त्याचा फायदा घेत. १९९१च्या सॉनिकमध्ये पहिल्याच पातळीवर धबधबा आहे. सेगाच्या त्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग सहज जमत नव्हते, म्हणून धबधबा म्हणजे उभ्या पट्ट्या, एक निळी, एक मोकळी. जुन्या टीव्हीच्या साध्या वायरीतून जाताना पट्ट्या एकमेकींत मिसळून खरोखरचं पाणी वाटायचं, आरपार दिसणारं. नव्या टीव्हीवर तेच चित्र म्हणजे खिडकीचे गज.

त्यासाठी सेटिंगमध्ये 'सीआरटी फिल्टर' असतो. तो जुन्या काचेचं सोंग आणतो. काहींना तो आवडत नाही, पण मी तो चालू ठेवतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. नव्या पडद्यावर २४० ओळी मोठ्या करून बसवायच्या. फुल एचडी पडद्यावर १०८० ओळी, म्हणजे साडेचार पट. अर्धी ओळ कशी काढणार? मग काही ओळी चार जाडीच्या, काही पाच, आणि चित्र सरकताना ते लाटेसारखं हलतं, किंवा कडा मऊ करून धुरकट करावं लागतं. फोर-के पडद्यावर २१६० ओळी, बरोब्बर नऊ पट. आणि पहिल्या स्विचच्या हातातल्या पडद्यावर ७२०, बरोब्बर तीन पट. म्हणून तो हातात धरून खेळताना मारिओ नीटनेटका दिसतो आणि ताईच्या फुल एचडी टीव्हीवर जरा डळमळतो.

रुंदीचं एक पथ्य पाळाच: जुने गेम ४:३ आकाराचे. टीव्ही भरून दिसावा म्हणून ते ताणू नका. ताणलेला मारिओ महाप्रसादानंतर पंगतीतून उठलेल्या माणसासारखा दिसतो. उलट 'पिक्सेल परफेक्ट' निवडलंत तर तो किंचित बारीक होतो, कारण जुन्या टीव्हीवर ठिपका उंचीपेक्षा थोडा रुंद पडायचा. मला ४:३च बरा वाटतो.

पण माझ्या अंगठ्याची तक्रार वेगामुळे होती तेवढीच उशिरामुळेही होती. काचेच्या टीव्हीत चित्र येईल तसं झोत ते काढत जायचा, मध्ये थांबा नाही. नवा टीव्ही आधी पूर्ण चित्र घेतो, ते घासतो-पुसतो, रंग चढवतो, मग दाखवतो. सिनेमा बघताना कळतही नाही. गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि या साजशृंगारात अशा पाच-सहा फ्रेम सहज जातात. बटण दाबलं, मारिओ विचार करतो, मग उडतो, तोवर खड्डा आलेला असतो. उपाय फुकटचा आहे: टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. काही नवे टीव्ही कन्सोल जोडला की आपणहून तो लावतात. आमचा लावत नव्हता. लावल्यावर मी तिसऱ्या खड्ड्यापर्यंत पोचलो.

बंदुकीची गोष्ट याच्याशीच जोडलेली. भाच्याने माळ्यावरून ती शोधून काढली, धूळ झटकली आणि टीव्हीवर रोखून विचारलं, "बदकं मरतील का?" त्या बंदुकीने टीव्हीवरची उडती बदकं टिपायचा एक गेम होता. नाही मरणार. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी सुटतं. प्रत्यक्षात ती डोळा होती, नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटा तुकडा. चाप ओढला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. आधी अंधार बघायचा तो एवढ्यासाठी की कोणी विजेच्या दिव्यावर नेम धरून फसवू नये. ही सगळी देवघेव ठरल्या फ्रेमला व्हायला हवी. नव्या टीव्हीत चित्रच उशिरा येतं, आणि ती बंदूक काचेच्या टीव्हीच्या झोताची लुकलुक ओळखण्यासाठी जुळवलेली, सपाट पडद्याचा उजेड तिला उजेड वाटतच नाही. भाच्याने तरी दहा मिनिटं प्रयत्न केला.

आता कोणत्या कन्सोलवर काय मिळतं ते पटकन सांगतो. स्विचवर वर्गणी भरली की फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडाचे गेम २०१८पासून आहेत, पुढच्या वर्षी सुपर निन्टेन्डोचे आले, जास्त वर्गणीत निन्टेन्डो ६४ आणि सेगाचे. पण निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, म्हणून यंत्र बाहेरून येतं आणि खातं परदेशातलं करावं लागतं. गोव्यात ज्याचा कोणी ना कोणी बोटीवर किंवा गल्फात आहे त्याला हे नवं नाही. प्लेस्टेशन ५ इथे २०२१पासून मिळतो. त्याच्या वर्गणीचा 'डिलक्स' प्रकार घेतला तर प्लेस्टेशन १, २ आणि पीएसपी या सोनीच्या हातातल्या यंत्राचे काही गेम मिळतात. घरातली पहिल्या प्लेस्टेशनची सीडी मात्र त्यात घालू नका, त्याचा ड्राइव्ह सीडी वाचतच नाही. एक्सबॉक्सची रीत सगळ्यात सरळ: सिरीज एक्समध्ये एक्सबॉक्स ३६०ची किंवा त्याआधीची डिस्क घातली, आणि तो गेम त्यांच्या यादीत असला, की यंत्र डिस्कवरचा गेम चालवत नाही, जुळवून घेतलेली प्रत उतरवून घेतं. डिस्क नुसती किल्ली. यादीत शेवटची मोठी भर २०२१च्या नोव्हेंबरात पडली. सिरीज एसला डिस्कचं तोंडच नाही, तिथे ही किल्ली चालत नाही.

आणि हो, ५० आणि ६०चं भूत अजून गेलेलं नाही. २०२२मध्ये सोनीने आशियातल्या काही देशांत ही जुन्या गेमची वर्गणी सुरू केली तेव्हा प्लेस्टेशन १चे बरेच गेम ५० हर्ट्झच्या पाल आवृत्तीत निघाले. लोकांनी ओरड केली आणि मग ६०ची आवृत्ती निवडायची सोय आली. माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ५०चाच ओळखीचा वाटला असता, हा भाग निराळा.

वर्गणीच्या गेममध्ये एक चैन असते: कुठेही थांबा, गोठवून ठेवा, हवं तर मागे न्या. यात जादू नाही. जुन्या यंत्राची अख्खी अवस्था, म्हणजे पाटीवर काय लिहिलंय, चित्रचिप कुठे आहे, ही काही किलोबाइटची नोंद. एम्युलेटर ती सतत टिपत राहतो आणि मागे न्यायचं म्हणजे जुनी टिपणं उलट्या क्रमाने वाचायची. आमच्या वेळी आठव्या जगात पोचलं की हमखास लाईट जायची, आणि मग पुन्हा पहिल्या विटेपासून. मागे नेण्याचं बटण वापरणं ही लबाडी आहे असं माझं मत आहे. मी ते वापरतो.

राहिला चोरीचा प्रश्न. एम्युलेटर बनवणं ही चोरी नव्हे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०००मध्ये कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला, कारण त्यांनी यंत्राचं वागणं अभ्यासून स्वतःचा प्रोग्राम लिहिला होता. गेमची प्रत, म्हणजे रॉम, ही वेगळी गोष्ट. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ स्वतःकडे कायदेशीरपणे असलेल्या प्रोग्रामची वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करू देतं. कुठल्याशा साइटवरून हजार गेमचं गाठोडं उतरवणं त्यात बसत नाही. पण खरं बोलायचं तर आमची 'एकात लाख' लिहिलेली पिवळी कॅसेट कोणत्या कायद्यात बसत होती? त्यात गेम फार तर वीस, बाकी त्यांचीच नावं फिरवून फिरवून लिहिलेली.

आणि कायद्याने विकत घ्यायचं म्हटलं तरी बहुतेक गेम मिळतच नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. जे दुकानात असतात तेही कायमचे नसतात. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्रांवरची ऑनलाइन विक्री २०२३च्या मार्चमध्ये बंद केली, त्याबरोबर तिथले शेकडो जुने गेम गेले.

ज्यांच्या माळ्यावर अजून कॅसेटी आहेत त्यांच्यासाठी एक सांगणं. फुंकर मारू नका. आम्ही सगळ्यांनी मारली आणि चालायचंही, पण चालायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पुन्हा बसवताना पिना घासल्या जाऊन स्पर्श जुळायचा. फुंकरीने फक्त थुंकीचा ओलावा जायचा, आणि गोव्याच्या हवेत ओलावा काय कमी आहे? आमच्या कॅसेटीच्या पिना चार महिन्यांच्या पावसात काळ्या पडल्या होत्या. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं, निम्म्या चकाकल्या. यंत्र मात्र सुरू झालं नाही, अडॅप्टरच्या आत मुंग्यांनी घर केलं होतं.

संध्याकाळी पाऊस थांबला. तोवर भाच्याने माझ्यासाठी सगळं लावून दिलं होतं: गेम मोड, ४:३, काचेचा फिल्टर. ताई चहा घेऊन आली आणि टीव्हीकडे बघतच राहिली.

"दोन्ही बाजूंनी काळं का दिसतंय? आणि रेघा कसल्या या? बिघडवलास काय रे टीव्ही?"

"आई, तो असाच पाहिजे," भाचा म्हणाला, आणि तिला समजावून सांगायला लागला. तो ठिपक्यांच्या रुंदीपर्यंत पोचला तेव्हा मी चौथ्या खड्ड्यात होतो.